आडव्या धनुष्याची घडण



विल्यम टेलची गोष्ट वर्गात सांगितली नाही, असा शिक्षक विरळा. मुलाच्या मस्तकावर ठेवलेले सफरचंद बापाने एका बाणाने उडविले, ही स्वित्झर्लंडमधील दंतकथा इतकी परिचित झाली आहे की, तिच्यातील एक तपशील सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. टेलच्या हाती जे शस्त्र होते ते राम-लक्ष्मणांच्या चित्रांत दिसते तसले उभे धनुष्य नव्हते. लाकडी दांड्याच्या टोकाशी आडवी बसविलेली कमान, दांड्याच्या पाठीवर खाच, त्या खाचेत ताणून अडकविलेली दोरी आणि खाली चाप, असे ते यंत्र होते. इंग्रजीत त्यास क्रॉसबो म्हणतात. या व्याख्यानापुरते त्यास आडधनुष्य म्हणू.

युरोपातील आडधनुष्यांच्या कमानी पुढे पोलादी झाल्या आणि बंदुकीचा प्रसार झाल्यावर त्यांचे लष्करी महत्त्व संपले. तो इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. केवळ लाकूड, बांबू, ताग आणि हाड एवढ्यावर घडविलेले आडधनुष्य आशियातील डोंगराळ मुलखात मात्र विसाव्या शतकातही घरोघर भिंतीवर टांगलेले होते. ते घडविणाऱ्या लोकांत लिसू जमातीचे नाव प्रथम घ्यावे लागते.

चीनच्या युन्नान प्रांतात म्यानमारच्या सीमेलगत नू नावाची नदी अतिशय खोल दरीतून वाहते. हीच नदी पुढे म्यानमारमध्ये सालविन म्हणून ओळखली जाते. या दरीच्या दोन्ही अंगांस उंच पर्वतरांगा आहेत आणि त्यांच्या उतारांवर लिसूंची गावे आहेत. चीनमध्ये लिसूंची संख्या सात लाखांहून अधिक आहे. म्यानमार आणि थायलंडमध्येही ते राहतात. आपल्या देशात अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यात, अगदी पूर्वेच्या कोपऱ्यातील विजयनगरच्या खोऱ्यात, त्यांची थोडी वस्ती आहे. तेथे त्यांस योबिन असेही म्हणतात. शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. लिसू भाषेसाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जी लिपी तयार झाली, तिच्यात रोमन लिपीतील मोठी अक्षरे काही सरळ तर काही उलटी करून वापरलेली आहेत. ज्यांच्या भाषेस तोवर सर्वमान्य लिपी नव्हती, त्यांनी आपले शास्त्र कोठे साठविले होते, हे आता त्यांच्या आडधनुष्याकडे पाहून समजून घ्यावयाचे आहे.

प्रथम कमान. तिच्यासाठी लिसू कारागीर डोंगरकड्यांवर वाढणाऱ्या रानतुतीचे लाकूड पसंत करतात. हे लाकूड चिवट असते. वाकते आणि सोडल्यावर पुन्हा सरळ होते. आपल्याकडे कावडीच्या काठीसाठी किंवा गाडीच्या दांड्यांसाठी धामणीचे लाकूड ज्या गुणामुळे निवडीत, तोच हा गुण. वाकविलेल्या काठीची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. ताणल्या जाणाऱ्या बाजूचे रेशे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असावे लागतात. मध्ये गाठ आली, किंवा हत्याराने रेशे आडवे कापले गेले, तर कमान नेमकी तेथेच मोडते. म्हणून जाणता कारागीर लाकूड करवतीने चिरण्याऐवजी शक्य तेथे फोडून घेतो. फोडलेले लाकूड आपल्या रेशांच्या वाटेने उकलते. करवत मात्र आपल्या वाटेने जाते.

मग वाळविणे. यात घाई चालत नाही. ओल्या लाकडाची कमान वाकली की वाकलेलीच राहते, आणि उन्हात एकदम तापविलेले लाकूड तडकते. सावलीत सावकाश वाळलेले लाकूड घेऊन कारागीर ते दोन्ही टोकांकडे निमुळते करीत जातो. येथे त्याचे खरे कसब दिसते. कमान हळूहळू वाकवून तो दोन्ही बाहूंकडे पाहतो. एक बाहू कमी वाकत असेल तर तो जाड आहे असे समजून त्याच बाहूस पोटाकडून थोडेसे तासतो, पुन्हा वाकवितो, पुन्हा पाहतो. काढलेले लाकूड परत लावता येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी निघते ती केवळ पातळ सालपी. या कामास मोजपट्टी लागत नाही. परंतु दोन बाहूंची सममिती, जाडी आणि ताठरपणा यांचा संबंध, थोडा बदल करून त्याचा परिणाम तपासण्याची रीत, हे सर्व त्यात आहे. पाठ्यपुस्तकात याच रीतीस प्रयोगपद्धती म्हणतात.

दोरी तागासारख्या वाखाची पिळून केलेली असते. तिला ताण फार सोसावा लागतो, पण तिने स्वतः फार ताणले जाता कामा नये. दोरीच लांबत राहिली तर कमानीचा जोर बाणापर्यंत पोहोचत नाही.

दांडा कठीण लाकडाचा असतो. त्याच्या पुढील टोकाजवळ आरपार भोक पाडून कमान त्यातून ओवतात आणि पाचरीने घट्ट बसवितात. सुताराच्या दृष्टीने हे काम सोपे दिसते. पण भोक केसभर तिरके गेले तर कमान कलते, दोरी दांड्यास काटकोनात राहत नाही आणि बाण नेहमी एका अंगास जातो. दांड्याच्या पाठीवर बाणासाठी सरळ पन्हळ कोरतात.

आता चाप. सर्व यंत्राचा जीव येथे आहे. मागे ओढलेली दोरी दांड्याच्या पाठीवरील आडव्या खाचेत अडकते. त्या खाचेतून खाली एक अरुंद फट दांड्याच्या आरपार गेलेली असते आणि त्या फटीत हाडाचा लहानसा चाप खुंटीवर झुलता बसविलेला असतो. चापाचे खालचे टोक बोटाने मागे ओढले की, वरचे टोक दोरीला खाचेबाहेर ढकलते आणि दोरी सुटते. एवढीच रचना. परंतु खाच उथळ झाली तर दोरी नको तेव्हा निसटेल. खोल झाली तर चाप ओढावयास इतका जोर लागेल की, त्या धक्क्याने नेम हलेल. कड धारदार राहिली तर दोरी चार दिवसांत कापली जाईल. लाकडाऐवजी हाड का, याचेही उत्तर याच ठिकाणी सापडते. हाड गुळगुळीत होते, ओलाव्याने फारसे फुगत नाही आणि दोरीच्या घर्षणाने लवकर झिजत नाही.

चापाची रचना फार जुनी आहे. चीनमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कांस्याचे, अनेक भागांचे चाप ओतून तयार करीत असत. १९७४ साली शीआन शहराजवळ मातीच्या सैनिकांची जी प्रसिद्ध सेना सापडली, तिच्याबरोबर असे चाप मिळाले आहेत. चीनच्या दक्षिणेस असलेल्या व्हिएतनाममध्ये तर या लहानशा भागावर एक आख्यायिका रचली गेली आहे, आणि ती वर्गात सांगण्यासारखी आहे. हनोईजवळ को लोआ येथे आन ज्योंग नावाचा राजा राज्य करीत होता. एका दैवी सुवर्णकासवाने त्यास आपले नख दिले. त्या नखाचा चाप बसविलेल्या आडधनुष्यापुढे कोणतेही सैन्य टिकेना. तेव्हा शत्रूराजाने आपला मुलगा जावई म्हणून त्याच्या घरी पाठविला. जावयाने भोळ्या राजकन्येकडून धनुष्य पाहण्याच्या निमित्ताने तो चाप काढून घेतला आणि त्याच्या जागी दिसावयास तसाच दुसरा बसविला. पुढे शत्रू चालून आला तेव्हा राजा निर्धास्त बसून राहिला. धनुष्य हाती घेतले तेव्हा वेळ टळून गेली होती. को लोआ येथे १९५९ साली हजारो कांस्य बाणाग्रे भूमीतून निघाली, त्यामुळे या कथेमागे धनुर्धरांची मोठी वस्ती होती एवढे खरे. बाकी कासव कथाकारांचे. तथापि ज्या कोणी ती कथा प्रथम रचली, त्यास आडधनुष्याचे मर्म कमानीत नसून चापात आहे, हे ठाऊक असले पाहिजे.

लिसूंचा बाण आखूड असतो. बांबूची कांब फोडून, तासून, विस्तवावर शेकून ती सरळ करतात. बांबू कोवळा असेल तर बाण वाळल्यावर वाकतो. म्हणून निदान तीन पावसाळे पाहिलेला बांबू घ्यावा, हा नियम सर्वत्र सारखाच आहे. आपल्याकडचे बुरूडही हेच सांगतील. बाणाच्या मागच्या टोकास उभी चीर देऊन तीत बांबूच्या पानाची किंवा पातळ सोपटाची त्रिकोणी घडी खोवतात. पक्ष्याचे पीस न लावता केलेली ही पाती अगदी हलकी असते. बाण तिरका होऊ लागला की मागील पातीवर हवेचा दाब पडतो आणि बाण पुन्हा सरळ होतो. खराट्याच्या दोन सारख्या काड्या घ्याव्या, एकीच्या मागील टोकास वाळलेल्या पानाची घडी खोचावी आणि दोन्ही मोकळ्या जागी, कोणाच्या अंगावर न येतील अशा रीतीने, हाताने फेकाव्या. एक कोलांट्या खाईल, दुसरी टोक पुढे ठेवून जाईल. मुलांस नियम सांगावयाच्या आधी हे दिसू द्यावे.

आडधनुष्य उभ्या धनुष्याहून अधिक जोरकस असते, असा समज सर्वत्र आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे, आणि वरच्या वर्गांस त्याचे चांगले गणित होते. समजा, एक उभे धनुष्य ६० सेंटिमीटर ओढले असता शेवटी २० किलोग्रॅम भाराइतका जोर लागतो. ओढीच्या आरंभी जोर शून्य आणि शेवटी २०, म्हणून सरासरी १०. अंतर ०.६ मीटर. गुणाकार ६. आता समजा, आडधनुष्याची आखूड ताठ कमान केवळ २५ सेंटिमीटर ओढली जाते, पण शेवटी ५० किलोग्रॅम भाराइतका जोर लागतो. सरासरी २५, अंतर ०.२५ मीटर, गुणाकार ६.२५. जोर अडीचपट असूनही साठविलेली शक्ती जवळजवळ तेवढीच! हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत. परंतु त्यांतून दिसणारी गोष्ट खरी आहे. मग आडधनुष्याचा लाभ कोणता? ताणलेले उभे धनुष्य माणसाचा दंड धरून ठेवतो आणि दंड थकतो. आडधनुष्यात तेच काम लाकडातील एक खाच करते, आणि खाच थकत नाही. दाट जंगलात झाडाआड दबा धरून बसणाऱ्या शिकाऱ्यास दोरी ताणलेली ठेवून वाट पाहता येते आणि सावजासमोर हात हलवावा लागत नाही. शिवाय दोरी ताणताना दोन्ही हात व पाय लावता येत असल्याने दंडाच्या बळापलीकडची कमान वापरता येते. किंमत मोजावी लागते ती वेळात. उभ्या धनुष्याचे तीन-चार बाण सुटतात तेवढ्यात आडधनुष्याचा जेमतेम एक.

लिसूंच्या जीवनात या वस्तूस केवळ हत्याराचे स्थान नव्हते. मुलगा चालू-धावू लागला की त्याच्यासाठी लहान धनुष्य घडवीत. पुरुष निवर्तल्यावर त्याचे आडधनुष्य त्याच्या थडग्यापाशी टांगण्याची आणि स्त्रीच्या थडग्यापाशी तिची विणकामाची साधने ठेवण्याची चाल होती. मोठ्या सावजासाठी बाणाच्या टोकास बचनागाचे विष लावीत. ते विष भयंकर असते. वर्गात त्याचा उल्लेख येईल तेव्हा बचनाग आपल्याकडेही औषधी दुकानांतून ओळखला जातो आणि त्याच्याशी खेळ करणे जिवावर बेतते, एवढे शिक्षकाने अवश्य सांगावे.

आता अवघड प्रश्नाकडे वळावयाचे. हे कसब शिकारीसाठी जन्मास आले, आणि शिकार आता सरली आहे, किंबहुना सरली पाहिजे. आपल्या देशातील १९७२च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी घातली. त्या अधिनियमातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळे, फासे आणि विषही येते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. विजयनगरच्या वाटेवरील अरण्य १९८३ पासून नामदाफा राष्ट्रीय उद्यान आहे. जंगलेही पूर्वीची राहिली नाहीत. ज्या डोंगरात एके काळी मूठभर माणसे आणि विपुल सावज होते, तेथे आता प्रमाण उलटे झाले आहे. आजोबांनी केले ते नातवाने करू नये, हे आजोबांस गुन्हेगार न ठरविता नातवास कसे सांगावयाचे, हा प्रश्न अरुणाचलातील शिक्षकापुढे आहे तसाच सातपुड्यातील शिक्षकापुढेही आहे.

चीनमध्ये यातून एक वाट निघाली. तेथील अल्पसंख्य जमातींच्या पारंपरिक क्रीडास्पर्धा १९५३ पासून भरतात. १९८६ साली उरुमची येथे भरलेल्या स्पर्धांत आडधनुष्याच्या नेमबाजीचा समावेश झाला. उभे राहून आणि गुडघा टेकून, अशा दोन्ही रीतींनी लक्ष्यावर नेम धरतात. स्त्रियांच्याही स्पर्धा होतात. सावजाच्या जागी कागदी वर्तुळे आली, हे चांगलेच झाले. तथापि यात एक मेख आहे. स्पर्धेत पारंपरिक घडणीच्या धनुष्याखेरीज ठरावीक मापाच्या सुधारलेल्या धनुष्याचाही प्रकार आहे. नेमबाज उत्तम असला म्हणजे त्यास कमान तासता येतेच असे नाही. खेळ टिकला म्हणून कसब टिकले, असे समजू नये. ती दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्यासाठी रानतुतीचे झाड, वाळण्याची सवड आणि शेजारी बसून पाहणारा मुलगा, या तिन्ही गोष्टी लागतात.

सातपुड्यात आडधनुष्य नाही. तेथे भिल्लांचा तीरकामठा आहे. बांबूची कमान आणि दोरीही बांबूच्याच चिवट कांबीची, ही त्याची घडण अभ्यास करण्याजोगी आहे. अशा गावातील शाळेत एखादा मुलगा कामठा घेऊन आला तर काय होते? बहुधा कामठा काढून घेऊन कपाटात टाकला जातो आणि मुलास मागच्या रांगेत बसविले जाते. काढून घेणे योग्यच आहे; शाळेच्या आवारात बाण सुटता कामा नये. चूक पुढे होते. तोच मुलगा थोड्या वेळाने ‘बल’ आणि ‘ताण’ या शब्दांच्या व्याख्या पाठ करीत असतो, आणि ज्यास ते दोन्ही बोटांनी कळतात त्याच्याच वहीत शून्य पडते.

त्याऐवजी कामठा टेबलावर ठेवून शिक्षकाने विचारावे, “दोरी बांबूच्या कोणत्या भागाची काढली रे?”

“वरच्या सालीकडची, गुरुजी. आतली तुटते.”

“आणि बांबू कधी तोडला?”

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलास येईल किंवा येणार नाही. न आले तर तो घरी जाऊन आजोबांस विचारील, आणि शाळेने आपल्यास काही विचारले, ही गोष्ट त्या घरात बहुधा प्रथमच घडेल. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला गेला तेव्हा टकळी आणि चरखा पुढे होते. पण तत्त्व टकळीपुरते नव्हते. गावात जे कसब आहे त्याच्यातून गणित आणि शास्त्र काढावयाचे होते. आज कार्यानुभवाच्या तासाला बाजारातून रंगीत कागद विकत आणून फुले करविली जातात. त्यास विरोध नाही. पण कागदाचे फूल चुकीच्या वेळी तोडलेल्या बांबूप्रमाणे आपली चूक दाखवून देत नाही.

शाळेत बाण सोडणारे धनुष्य, आडवे किंवा उभे, करवून घेऊ नये, याविषयी कोणतीही सवलत नाही. रिकामी दोरीही ताणून सोडू देऊ नये. बाण नसला म्हणजे साठलेली शक्ती बाहेर जावयास वाट उरत नाही, ती कमानीतच फिरते आणि चांगली कमानही तडकून तिच्या ढलप्या डोळ्यांत जातात. मात्र कमान वाकविणे आणि मोजणे निर्धोक आहे. बांबूची मीटरभर लांब, सारख्या रुंदीची पट्टी घ्यावी. तिचे एक टोक दोन विटांखाली किंवा बाकाच्या फळीशी घट्ट आवळून दुसरे मोकळे ठेवावे. मोकळ्या टोकास लहान पिशवी बांधून तीत शंभर-शंभर ग्रॅम वाळू घालीत जावे आणि प्रत्येक वेळी टोक किती खाली आले ते भिंतीवरील पट्टीवर वाचावे. नोंदी आलेख कागदावर घातल्या की आरंभी सरळ रेषा मिळते. एक पट्टी ओल्या बांबूची आणि एक वाळलेल्या बांबूची घेतल्यास दोन निराळ्या रेषा येतात. वाळू काढून घेतल्यावर ओली पट्टी पूर्ववत सरळ होत नाही, हेही दिसते. एकच पट्टी प्रथम साल वर ठेवून आणि नंतर साल खाली ठेवून वाकवावी. भार मोकळ्या टोकास असल्याने ताण वरच्या बाजूस पडतो. रेशे तुटू लागल्याची पहिली बारीक करकर साल वर असताना आधी ऐकू येते की खाली असताना, हे मुलांनीच कान देऊन ठरवावे. पट्टीसमोर कोणी उभे राहू नये आणि करकर ऐकू येताच वाळू घालणे थांबवावे.

तासाच्या शेवटी कपाटातील कामठा मुलाच्या हाती न देता त्याच्या वडिलांस किंवा आजोबांस शाळेत बोलावून त्यांच्या हाती द्यावा. ते आले म्हणजे त्यांस उभे ठेवू नये. वर्गात शिक्षकाची खुर्ची एकच असते. ती त्यांच्यासाठी पुढे करावी आणि दोरी कशी काढतात ते मुलांदेखत विचारावे.